वापरातलं घर घेताना (आणि विकताना) तपासणी: कोणाकडून, कशी, आणि अहवालाचं करायचं काय?

कडीकोयंडा
वापरातलं घर घ्यायचं जवळपास ठरलंय. कागदपत्रं वकील बघतायत, ती बाजू सोडा. माझा प्रश्न विटा, सिमेंट, नळ आणि वायरींचा आहे. घरमालक म्हणतात, "आम्ही गेल्याच वर्षी सगळं तपासून घेतलंय, अहवाल देतो, तुम्ही परत खर्च कशाला करता?" मध्यस्थाचंही तेच पालुपद. विसार देऊन टाका म्हणून तो ज्या घाईने मागे लागलाय, ती बघून मी उलट थबकलोय.

तपासायला माणूस नेमका कोण आणायचा? मला दिसणार नाही असं तो काय बघतो? आणि अहवाल हातात आल्यावर भाव कमी करून मागायचा की सरळ नाही म्हणायचं? ज्यांनी घर विकलंय त्यांनीही लिहा, त्या बाजूने हे कसं दिसतं ते कळू दे.

ता. क. भिंतींना नुकताच रंग दिलाय. सगळ्या नाही, दोनच भिंतींना.

तिरकाछेद
दोनच भिंती? संपला की धागा. :)

ओळंबा
दोन भिंतींवरून हसू आलं खरं, पण सुरुवात तिथूनच करा. ताजा रंग म्हणजे लबाडी असं लगेच धरू नका, घर विकायला काढलं की माणसं रंग देतातच. फक्त त्या भिंतींच्या पलीकडे काय आहे ते बघा. एकीमागे बाथरूम आणि दुसरीच्या माथ्यावर गच्ची असं निघालं, तर पुढचं बोलणं सावकाश करायचं.

मी बांधकामातला माणूस. वापरातली घरं तपासून देणं हा कामाचाच भाग आहे. पाहणीतला बराचसा वेळ पाण्याचा माग काढण्यात जातो, कारण घरातली बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात. ओल दिसली की दोन प्रश्न विचारायचे: भिंतीवर किती उंचीला आहे, आणि कधी वाढते?

जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीच्या आतच थांबते. तिच्या वरच्या कडेला पांढरट क्षारांचा पट्टा असतो, त्यालाच लोणा म्हणतात. छताजवळची ओल गच्चीतून, बाहेरच्या भेगेतून किंवा वरच्या मजल्यावरून येते. मधेच कुठेतरी गोल डाग असेल तर भिंतीतला पाइप. आता वेळ. पाऊस पडून गेल्यावर वाढते ती बाहेरून येते. अंघोळी झाल्यावर वाढते ती सांडपाण्याची, म्हणजे फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅपचा (मोरीच्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वळणाचा) जोड. आणि जी बारा महिने चोवीस तास सारखीच असते ती पाणीपुरवठ्याच्या पाइपची, कारण त्यात दाब कायम असतो.

ही शेवटची तुम्ही स्वतः पकडू शकता. घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा, फ्लशच्या टाक्या भरू द्या, मग पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा हलत असेल तर कुठेतरी गळतंय. मीटर नसेल तर टाकीतली पातळी खुणेने बघून ठेवायची, कुणीही पाणी न वापरता काही तासांनी परत बघायची.

पागोळी
ओळंबा, एक शंका. आमच्याकडे बघायला आलेल्या माणसाने एक छोटं यंत्र भिंतीला टोचलं. ते टीं टीं वाजायला लागलं आणि तो म्हणाला, अख्खी भिंत आतून ओली आहे, अमुक रसायनाची इंजेक्शनं मारावी लागतील. ती मारणारी कंपनीही त्याचीच! हात लावून तर भिंत कोरडी वाटत होती.

ओळंबा
पागोळी, ते यंत्र दोन पिनांमधून वीज किती सहज जाते ते मोजतं. त्यावरची टक्केवारी लाकडासाठी बसवलेली असते. गिलाव्यावर तो आकडा टक्केवारी म्हणून वाचायचाच नसतो, फक्त तुलना करायची: या कोपऱ्यात जास्त, त्या कोपऱ्यात कमी. शिवाय भिंतीत क्षार असतील तर वीज सहज जाते आणि भिंत सुकून वर्ष झालं तरी यंत्र वाजत राहतं. जुन्या ओलीचा लोणा आणि आजची ओल यातला फरक त्याला कळत नाही, तो माणसाला कळावा लागतो.

थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. निळा डाग दिसला की लोक घाबरतात. त्या कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओली जागा बाष्पीभवनाने थंड होते म्हणून निळी दिसते, पण वाऱ्याचा झोत लागणारा कोपराही निळाच दिसतो. आतल्या-बाहेरच्या तापमानात फरकच नसेल तर काहीच दिसणार नाही. म्हणून निळ्या डागावर पिनांचं यंत्र लावून खात्री करायची असते. नुसती रंगीत चित्रं चिकटवलेला अहवाल दिसायला भारी, कामाला कमी.

आणि तुमच्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. जो दुरुस्तीचं काम घेणार, त्याच्याकडून तपासणी करून घ्यायची नाही.

सज्जा
शेवटच्या वाक्याला +१. मध्यस्थाने सुचवलेला माणूसही त्याच कारणाने नको. सौदा मोडला तर मध्यस्थाचं नुकसान आहे, आणि तपासणाऱ्याला पुढचं काम त्याच मध्यस्थाकडून मिळायचंय. माणूस प्रामाणिक असला तरी "किरकोळ" हा शब्द त्याच्या तोंडून लवकर निघतो.

तिरकाछेद
एक सांगू का, एवढं खोदून बघायला लागलात तर कुणी घरच घेणार नाही. जुन्या घरात काहीतरी निघतंच. तपासणाऱ्यालाही फी घेतल्यावर चार पानं भरायचीच असतात, मग दाराची सैल कडीसुद्धा "दोष क्रमांक अमुक" होऊन बसते. चार ठिकाणी फिरून, शेजाऱ्यांशी बोलून माणसाला अंदाज येतो. आमच्या मागच्या पिढीने कुठे अहवाल मागितले होते?

सज्जा
तिरकाछेद, जुनी दुचाकी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतोच ना आपण? आणि मागच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. कोणत्या भिंतीत काय आहे ते त्यांना तोंडपाठ असायचं. आपण दुसऱ्याने बांधलेलं, तिसऱ्याने बदललेलं घर घेतोय.

शेजाऱ्यांशी बोलावं हे मात्र शंभर टक्के मान्य. खालच्या मजल्यावरच्यांना विचारा, "तुमच्या छताला कधी ओल येते का?" वरच्या घराच्या बाथरूमचा खरा अहवाल खालच्या घराच्या छतावर लिहिलेला असतो.

फेजन्यूट्रल
विजेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. घर बघायला गेलात की पहिल्यांदा वितरण पेटीचं झाकण उघडा. आरसीसीबी आहे का? माणसाला वाचवणारा खटका तो, वीज गळून जाणाऱ्या-परतणाऱ्या प्रवाहाचा तोल बिघडला की पडतो. ३० मिलिअँपिअरवर पडणारा हवा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही, हे लोकांना माहीतच नसतं. "आमच्याकडे सगळे एमसीबी नवीन आहेत" असं अभिमानाने सांगतात आणि आरसीसीबीचा पत्ता नसतो.

आरसीसीबीवर चाचणीचं बटण असतं, ते दाबलं की खटका पडला पाहिजे. पण खटका पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण आतल्या आतच प्रवाहाचा तोल बिघडवतं, अर्थिंगची वायर तुटलेली असली तरी खटका पडतोच. अर्थिंग वेगळं मोजावं लागतं. प्लगमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर फेज-न्यूट्रल उलटसुलट आहे का आणि अर्थची वायर जोडलेली आहे का तेवढं सांगतो. त्या अर्थचा रोध किती हे त्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट, एमसीबी किती अँपिअरचा आणि त्याला लागलेली वायर किती जाडीची. मी स्वतः बघितलेलं: गिझर लावला की खटका पडायचा, म्हणून कुणीतरी खटका काढून ३२ अँपिअरचा बसवला. वायर तीच, अडीच चौरस मिलिमीटरची. आता खटका पडत नाही, सगळे खूश. वायर मात्र भिंतीत तापतेय. गिझर, एसी आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगची पाटी काढून आत बघायला सांगा. प्लास्टिक पिवळं किंवा तपकिरी पडलंय का, स्क्रूजवळ जळल्याची खूण आहे का. पाच मिनिटांचं काम आहे आणि खोटं बोलता येत नाही.

वायरिंग फार जुनं असेल तर मेगर नावाचं यंत्र लावून वायरीवरच्या आवरणाची चाचणी करून घ्या. त्यासाठी घरातली सगळी उपकरणं काढून ठेवावी लागतात, म्हणून घरमालकाला आधी सांगून ठेवा.

पागोळी
घर बरेच दिवस बंद असेल आणि वीज-पाणी तोडलेलं असेल तर?

फेजन्यूट्रल
तर तपासणी झालीच नाही असं समजायचं. जोडणी करून मगच माणूस बोलवा.

ओळंबा
बंद घराबद्दल अजून एक. आत शिरल्या शिरल्या गटाराचा वास आला तर लगेच नाक मुरडू नका. मोरीच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम असतं, तेच वास अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं. प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी परत जा. वास गेला असेल तर काही झालेलं नाही. राहिला असेल तर पाइप कुठेतरी फुटलाय किंवा हवा जायचा पाइप बसवलेलाच नाही.

आणि बाथरूमच्या फरशीवर बादलीभर पाणी ओता. सगळं पाणी न अडता ट्रॅपकडे गेलं पाहिजे. दाराच्या उंबऱ्याकडे थारोळं साचत असेल, तर त्या चौकटीचा खालचा वीतभर भाग पेचकसाने हळूच टोचून बघा. तो आत रुतला की लाकूड कुजलंय किंवा वाळवी आहे. वाळवी असेल तर चौकटीच्या मागून, कपाटाच्या पाठीमागून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसतात. नळी मोडून बघायची. पुन्हा बांधली गेली तर वाळवी अजून जिवंत आहे. मोडलेली तशीच राहिली तरी वाळवी गेली असं मात्र म्हणता येत नाही, ती वाट बदलते.

कडीकोयंडा
बापरे, वहीत लिहून घेतोय. भेगांबद्दल कुणीतरी सांगा. हॉलमध्ये एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली दिसतेय. मालक म्हणतात "गिलाव्याची आहे, सगळ्यांच्याच घरात असते."

ओळंबा
असू शकते. नसूही शकते. फोटो बघून मी सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. कसं बघायचं ते सांगतो.

गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या बारीक भेगा असतील तर गिलावा सुकताना आकसलाय, बाकी काही नाही. खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे सरळ उभी रेघ असेल तर तीही बहुधा निरुपद्रवी. काँक्रीट आणि वीट तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून जोड उघडतो. बाहेरच्या बाजूला असेल तर पाणी शिरू नये म्हणून बुजवायची, एवढंच.

तिरकी भेग खिडकीच्या कोपऱ्यातूनच निघते, कारण ताण तिथे एकवटतो. प्रश्न असा की ती गिलाव्यापुरती आहे की विटेतही गेलीय. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी भेग दिसते का? वर रुंद आणि खाली बारीक आहे का? विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरते का? त्या खोलीचं दार किंवा खिडकी अडकते का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना हो आलं, तर इमारतीचा तो भाग खचतोय का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघायला हवं, साध्या तपासणीत ते संपत नाही. आणि खचणं थांबलंय की चालू आहे हे एका भेटीत कळत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाकायची किंवा आडवी काचेची पट्टी चिकटवायची आणि काही महिने वाट बघायची. विकणारा एवढा थांबत नाही, ही खरी अडचण.

आता माझी नावडती भेग. बीमच्या तळाला, लांबीच्या दिशेने, अगदी सरळ. किंवा खांबाच्या कडेने उभी. आत सळई असते बरोबर त्या रेषेत. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण ते तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि हा पीएच नऊच्या आसपास उतरतो. तो थर सळईपर्यंत पोचला की तिचं संरक्षण संपलं. हे बघायला काँक्रीटचा ताजा फोडलेला तुकडा लागतो, त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी झालं ते ठीक, रंग आला नाही तो भाग निकामी. पण यासाठी फोडावं लागतं आणि घर अजून तुमचं नाही, तेव्हा मालकाची परवानगी लेखी हवी.

फोडायच्या आधी बोटाच्या पेराने नाहीतर नाण्याने ठोकून बघा. घट्ट जागा टणक वाजते, सुटलेली जागा बद वाजते. छताला हात पुरत नसेल तर काठीने. लाद्यांनाही हेच. ओरखडासुद्धा उमटत नाही, म्हणून कुणी हरकत घेत नाही.

घरटं_रिकामं
मी विकणारी बाजू. दोन वर्षांपूर्वी आमचं घर विकलं. घेणाऱ्यांनी माणूस पाठवला आणि तिरकाछेद म्हणतात तसंच झालं: दाराच्या कड्या, टाचणीएवढे रंगाचे टवके, सगळं एकाच अहवालात, एकाच मापाने. त्या यादीत खरी गोष्ट एकच होती, स्वयंपाकघराच्या ओट्याखालची गळती, आणि ती तेराव्या पानावर! घेणारे घाबरले, आम्ही चिडलो, सौदा मोडता मोडता राहिला. शेवटी मी म्हटलं, चला, आपण दोघं मिळून घरात फिरू, मी एकेक दाखवतो. तासाभरात मिटलं.

म्हणून विकणाऱ्यांना माझं सांगणं असं. जाहिरात द्यायच्या आधी स्वतः तपासून घ्या. छोटं असेल ते दुरुस्त करा, पावत्या ठेवा. मोठं असेल ते उघड सांगा आणि भाव त्याप्रमाणे लावा. ओलीवर रंग मारू नका. थोड्याच दिवसांत फुगा येतो, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. माणूस तपासायला येईल त्या दिवशी वितरण पेटीसमोरचं कपाट हलवलेलं असू दे, टाकी आणि गच्चीच्या किल्ल्या हाताशी असू देत.

तिरकाछेद
पण स्वतः तपासलं की दोष माहीत झाला. माहीत झाला की सांगावा लागतो. न तपासता "मला कल्पना नव्हती" म्हणता येतं. :)

घरटं_रिकामं
म्हणता येतं. पण ताबा दिल्यावर तीन महिन्यांनी भांडण आलं आणि ज्याने मागे ओल बुजवली तो गवंडी साक्षीला उभा राहिला, की कल्पना नव्हती म्हणणं जड जातं.

दूरदेशी
वेगवेगळ्या देशांत हा गुंता वेगवेगळ्या पद्धतीने सोडवलाय. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरं विकायला काढतानाच विकणाऱ्याने 'होम रिपोर्ट' द्यावा लागतो. त्यात सर्वेक्षकाची पाहणी, ऊर्जावापराचा अहवाल आणि मालकाने भरलेली प्रश्नावली असे तीन भाग. पाहणीत प्रत्येक भागाला १, २ किंवा ३ असा दर्जा देतात. ३ म्हणजे तातडीने दुरुस्ती. घरटं_रिकामं यांची तेराव्या पानाची तक्रार तिथे बऱ्यापैकी सुटते, कारण ३ कुठे कुठे लागलाय तेवढं आधी बघायचं. घर बाजारात येतं तेव्हा पाहणी १२ आठवड्यांपेक्षा जुनी चालत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ मध्ये विकणाऱ्याने माहितीचा संच द्यायची सक्ती आली, पण पाहणी त्यात ऐच्छिकच राहिली आणि २०१० मध्ये तो संचच रद्द झाला.

अमेरिकेत उलट आहे. तिथे घेणारा आपला तपासनीस आणतो, पैसे तोच देतो, आणि करारात अट टाकतो की तपासणी समाधानकारक नसेल तर माघार घेता येईल. तपासनिसांची संघटनाही जुनी, १९७६ पासूनची. तिच्या मानकांतही स्पष्ट आहे की पाहणी डोळ्यांना दिसेल तेवढ्याचीच. सामान हलवणं, भिंत उघडणं यात येत नाही.

ओळंबा
दूरदेशींनी शेवटी लिहिलंय त्यावरच मला बोलायचंय. अहवाल कुणाचाही असो, आधी "काय तपासता आलं नाही" तो भाग उघडा. तो बहुधा शेवटी, बारीक अक्षरात असतो. काय निघालं ते तुम्हाला कुणीही सांगेल. काय बघितलंच नाही ते फक्त तिथे असतं, आणि पुढचा धोका त्याच यादीत लपलेला असतो.

कडीकोयंडा, मालकांचा जुना अहवाल जरूर घ्या, फुकट मिळतोय तर का नाही. पण तो ज्याने मागवला त्याच्यासाठी लिहिलेला आहे. चूक निघाली तर तपासणारा तुम्हाला उत्तर द्यायला बांधील असेलच असं नाही. वर्षभरापूर्वीचा आहे, त्यानंतर एक पावसाळा होऊन गेला आणि दोन भिंतींना रंग लागला. जुना अहवाल वाचून त्या दोन भिंतींबद्दल तेव्हा काय लिहिलं होतं ते बघा.

माणूस तुम्ही नेमा, तुम्ही पैसे द्या आणि पाहणीच्या वेळी सोबत फिरा. जो "तुम्ही नका येऊ, मी अहवाल पाठवतो" म्हणेल त्याला नमस्कार करा. लिहिताना प्रत्येक जण जपून लिहितो, "पुढील तपासणी आवश्यक" अशी सरकारी भाषा वापरतो. तिथे उभं राहून "तुम्ही हे घर घेतलं असतं का?" विचारलं की चेहऱ्यावर उत्तर दिसतं.

सज्जा
एक राहिलंच. मंजूर नकाशा सोबत न्या आणि घराशी ताडून बघा. कुठली भिंत गायब आहे? बाल्कनी आत घेतलीय का? खोल्या मोठ्या करायला मधली भिंत काढलेली असते. खांब-बीमच्या सांगाड्यावर उभ्या घरात विटांची भिंत काढली तर बहुधा चालतं, पण भिंतींवरच उभ्या असलेल्या जुन्या भारवाहू बांधकामात तीच भिंत वरचा मजला तोलत असते.

कडीकोयंडा
अपडेट. माणूस नेमला (धन्यवाद, मध्यस्थाने सुचवलेला नाही), सोबत फिरलो.

पहिली रंगवलेली भिंत बाथरूमला लागून आहे. बाथरूममधल्या लाद्या भिंतीलगत बद वाजतात, सांध्यांमधलं भरण निघालंय. मीटर हलत नाही, म्हणजे पुरवठ्याचा पाइप ठीक. खिडकीची तिरकी भेग पलीकडच्या बाजूला दिसत नाही, दारं-खिडक्या सुरळीत. ती गिलाव्यापुरती वाटते असं तो म्हणाला, तरी पेन्सिलीने खुणा केल्या. विजेत अर्थिंग आहे, आरसीसीबी नाही.

दुसरी भिंत वरच्या बाजूला ओली निघाली, गच्चीच्या लगत. आणि गच्चीची किल्ली मिळाली नाही. मालक म्हणाले, ज्याच्याकडे असते तो बाहेरगावी आहे. मग ओळंबांचं आठवून मालकांचा जुना अहवाल शेवटून उघडला. "गच्ची: कुलूप असल्याने पाहता आली नाही." म्हणजे गेल्या वर्षीही!

आता? मालक म्हणतायत, बाथरूम आणि आरसीसीबी मी करून देतो, विसार द्या.

घरटं_रिकामं
मी विकणारा असूनही सांगतो, किल्ली मिळेपर्यंत विसार देऊ नका. किंवा द्यायचाच असेल तर गच्ची बघून समाधान न झाल्यास परत मिळेल असं लिहून घ्या.

ओळंबा
अनुमोदन. आणि बाथरूम त्यांना करू देऊ नका, त्याचे पैसे भावातून कमी करा. निघून जाणारा माणूस सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट काम करून देतो. जलरोधक थर फरशीखाली असतो, तो नीट घातला की नाही हे लाद्या बसल्यावर कुणालाही कळत नाही. काम तुमच्या देखरेखीखाली व्हायला हवं. आरसीसीबी त्यांनी बसवून दिला तर हरकत नाही, तो तपासता येतो.

फेजन्यूट्रल
बसवल्यावर घरातला एकेक दिवा आणि उपकरण चालू करून बघा. जुन्या घरात दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात, मग आरसीसीबी सारखा पडतो आणि कोणीतरी वैतागून तो काढून टाकतो. पडत असेल तर दोष वायरिंगचा आहे, तो आधी शोधायला लावा.

तिरकाछेद
गच्चीच्या किल्लीवाला बाहेरगावी, वर्षभर. तीर्थयात्रेला गेलाय बहुतेक.

कडीकोयंडा
किल्ली मिळाली! लेखी अट टाका म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी. गच्चीवर पाणी जायच्या तोंडाशी माती आणि पानं साचलीत, त्या कोपऱ्यात शेवाळं आहे, आणि बरोबर त्याखाली आमची दुसरी भिंत. तपासनीस म्हणतो, साफ करून पाणी साठवून बघू. मालक तयार आहेत. करू ना?

ओळंबा
आधी खालून छत नीट बघा. पोपडे पडून गंजलेली सळई उघडी दिसत असेल तर पाणी साठवायचं नाही, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, निरोगी स्लॅबला ते काहीच नाही, आजारी स्लॅबवर मी टाकणार नाही.

छत ठीक असेल तर सुरुवात साफसफाईने. फक्त तोंड तुंबल्यामुळे कोपऱ्यात पाणी साचून झिरपत असेल तर निम्मा प्रश्न झाडूने सुटतो. मग पाइपचं तोंड बुजवून २५ ते ५० मिलिमीटर पाणी २४ तास ठेवा, जमलं तर ४८. भरायच्या आधी खालच्या ओलीची कड पेन्सिलीने आखा, बाजूला तारीख आणि वेळ लिहा. कड सरकली तर गच्चीचा जलरोधक थर फुटलाय, ते काम अख्ख्या गच्चीचं आहे आणि खर्च कोणी किती उचलायचा ते विसाराच्या आधी ठरवा. कड जागच्या जागी राहिली तर तोंड उघडून सगळं पाणी एकदम सोडा आणि भिंतीतून उतरणारा पाइप बघा. बऱ्याचदा गच्ची निर्दोष असते आणि त्या पाइपचा पहिलाच जोड गळत असतो.

कडीकोयंडा
शनिवारी भरतोय. पाइप भिंतीच्या आतून जातो की बाहेरून हे नकाशात दिसत नाहीये, ते मालकांना विचारतो.

सज्जा
मालकांना नको, खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. त्यांच्या भिंतीतून तोच पाइप गेलेला असणार.